मुराळ्याची गाडी

आमच्या घरी कोंबड्याच्या आधी गाडीचा सेल्फ ओरडायचा. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीवर आले होते. तिकडं सगळी उमर ट्रक चालवण्यात गेल्यामुळं पहाटे इंजिन सुरू करून बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. सेल्फ कुरकुरायचा, दम घ्यायचा, परत कुरकुरायचा आणि मग आबांची हाक यायची, "सुरे, ऊठ. धक्का द्यायचाय." मी, आई आणि मोठी बहीण शालन, जिला मी आक्का म्हणायचे, अशा तिघी अंथरुणातून उठून केस बांधत बाहेर यायचो आणि त्या अवजड धुडाला ढकलायचो. आमच्यात भाऊ नव्हता. वंशाला दिवा नाही म्हणून हळहळणाऱ्या आमच्या भावकीतल्या बायका खिडकीतून बघत असायच्या, पण धक्का द्यायला एकीचाही नवरा यायचा नाही. उतारावर आलं की इंजिन धाडकन पेटायचं, काळा धूर थेट आमच्या तोंडावर यायचा आणि आबा काचेतून हात बाहेर काढून, परेडला शाबासकी द्यावी तसा हलवायचे. आम्ही तोंडं धुवायला जायचो.

ती गाडी आबांनी फंडाच्या पैशातून साताऱ्याहून आणली होती. कुणा कंत्राटदारानं धरणाच्या कामावर, दगडा-मातीतून बडवून बडवून वापरलेली, दहा माणसं सहज बसतील एवढी मोठी, पुढं लोखंडी गार्ड आणि मागं समोरासमोर दोन बाकडी. सांगलीजवळच्या आमच्या गावात तवर कुणाकडं एवढी गाडी नव्हती. पोरांनी तिचं नाव रणगाडा ठेवलं आणि आबांना ते मनातून आवडलं होतं. आईला मात्र पहिल्या दिवसापासून ती गाडी डोळ्यापुढं नको असायची. आबांच्या हाताला, अंगाला, उशीला डिझेलचा वास. आमटीत फोडणी पडली तरी तो वास हटायचा नाही. "आवं, सवत आणली असती तर निदान तिनं दोन भाकऱ्या तरी थापल्या असत्या," आई म्हणायची, आणि आबा खाली बघून हसायचे.

आणि खाणं तर विचारू नका. ऊसबिल आलं की टायर घ्यायचे, कारण चारही एकदम झिजून गोटा झालेले असायचे. दुधाचा पगार आला की स्प्रिंगचा पाटा तुटलेला असायचा. क्लच प्लेट बदलली की पंप गळायला लागायचा, पंप बसवला की बॅटरी मान टाकायची. ऑइल तर ती पाण्यासारखी प्यायची. वर विमा, वर पासिंग, वर साताऱ्याचा नंबर सांगलीला बदलून घेण्याच्या चकरा. हे सगळं कमी म्हणून की काय, गावाला वाटायचं गाडी गावाचीच आहे. कुणाची बाळंतीण दवाखान्यात न्यायची, कुणाचा म्हातारा मिरजेहून आणायचा, कुणाला देवाला जायचं, आबांचं तोंड नाही म्हणायला उघडतच नसे. डिझेलचे पैसे कुणी दिले तर दिले. मी आता साताऱ्यात राहते, माझी स्वतःची छोटी गाडी आहे, तिचं काय दुखतंय ते फोनवर आपोआप येतं आणि मी ते वाचतसुद्धा नाही. शेजारणीनं मागितली तर मी सरळ नाही म्हणते. लोक मला फटकळ म्हणतात, म्हणू देत.

आक्काचं लग्न ठरलं ते पाटणच्या वर, कोयनानगरच्या अंगाला. डोंगराच्या कुशीतलं गाव, भाताची खाचरं, घरात शिस्तीची सासू, आणि नवरा, म्हणजे आमचे दाजी, पुण्याला कंपनीत. बैठकीला मी आतल्या दाराशी बसून सगळं ऐकत होते. तिकडच्या एका जाणत्यानं सहज म्हटलं, "पाव्हणं, लांबचा पल्ला हाय. सणावाराला पोरीचं येणं-जाणं जमंल न्हवं?" आबांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "माझी पोरगी एस.टी.त धक्के खात माहेराला यायची न्हाई. ह्यो मुराळी गाडी घेऊन दारात येईल. शब्द हाय माझा." आमच्याकडं सासुरवाशिणीला सणाला आणायला जो जातो तो मुराळी, बाप नाहीतर भाऊ. तो गेल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. माणसं खूश झाली, सुपाऱ्या फुटल्या आणि आबांनी स्वतःच्या गळ्यात तो शब्द अडकवून घेतला.

पहिल्या पंचमीला मी आबांबरोबर गेले होते. नागपंचमी हा आमच्याकडं लेकींचा सण. पहाटे आईनं शिदोरी बांधली, आबांनी गाडीला हार घातला, आणि कराड, पाटण करत आम्ही भरल्या कोयनेच्या काठानं वर गेलो. गावात शिरल्यावर आबांनी उगाचच लांबलचक हॉर्न दिला. वाडीतली सगळी पोरं गाडीला चिकटली, आक्काची सासूसुद्धा पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "आली बाई गाडी." आक्का मागच्या बाकड्यावर बसली, बांगड्या भरलेले हात मांडीवर ठेवून, आणि गाव मागं पडल्यावर तिनं चपला काढून पाय वर घेतले. घरापर्यंत ती झोपली. एवढ्या खडखडाटात एखादं माणूस इतकं गाढ कसं झोपू शकतं, याचं मला नवल वाटलं होतं. सासरी तिला झोपच पुरत नव्हती हे मला फार उशिरा समजलं. पंचमीला घरात चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आई पुरणाची दिंडं उकडायची, ज्वारीच्या लाह्या फुटायच्या, चिंचेला झोका बांधलेला असायचा, आणि आक्का खात, झोपत, फुगड्या खेळत आठ-पंधरा दिवस राहायची.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात भावकीतल्या एका पोराचं लग्न निघालं. वरातीला गाडी आमची. घोडा नको, रणगाडाच पाहिजे, असा नवरदेवाचा हट्ट. आबा स्वतः चालवायला बसले. बँडच्या मागं गाडी पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलानं. पुढं पोरं नाचत होती, दहा पावलं गेली की थांबायची, परत नाचायची. वर ऊन, खाली तापलेला रस्ता, आणि इंजिनला वारा कुठून मिळणार. मी करवल्यांबरोबर मागच्या बाकड्यावर होते. पायाखालचा पत्रा चटका द्यायला लागला तसं मी पुढं वाकून बघितलं, तर काटा लाल रेघेच्या पार गेलेला. मी म्हटलं, "आबा, काटा बघा." आबा म्हणाले, "बघितलाय." मी म्हटलं, "मग बंद करा की." ते समोर बघत म्हणाले, "वरात मधी थांबवून बॉनेट उघडू व्हय? अपशकुन हुतोय. देवळापातूर जाऊ दे." फौजेत ट्रक तापला तर ह्याच माणसानं साहेबाला खाली उतरवून बॉनेट उघडलं असतं. गावात मात्र त्यांना तसं करता आलं नाही. देवळापुढं नवरदेव उतरला आणि गाडीनं पांढरी वाफ सोडली. लोकांना वाटलं शोभेच्या दारूचा धूर आहे. दुसऱ्या दिवशी आबांनी ऑइलची दांडी ओढून बघितलं तर आत पाणी शिरून ऑइलचा दुधाळ चहा झाला होता.

गाडी ओढून कुपवाडला नेली. तिथल्या कारखान्यांच्या मधल्या बोळात दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस गोड बोलायचा, चहा पाजायचा आणि एकच तारीख द्यायचा, उद्या. हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं. हेड लेथवर घासायला दिलं तर त्याला चीर निघाली. मग जुन्या बाजारातून दुसरं हेड आणलं, ते बसेना. मग बोअर खराब निघाले. एकदा इंजिन उघडलं की एकातून एक निघत जातं, आणि मालकाला तिथपर्यंतचा खर्च वाया जाऊ द्यायचा नसतो म्हणून तो आणखी घालतो. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते. दुपारी आबांचा डबा घेऊन मी गॅरेजला जायचे. आबा तिथं स्टुलावर बसलेले असायचे, समोर आपल्या गाडीचं पोट उघडं, नळ्या लोंबत असलेल्या. "ऑफ रोड हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फौजेच्या भाषेत सांगायचे, "आठ दिवसात ऑन रोड येती." आषाढ असाच सरत आला.

तेवढ्यात एक दिवस घरी फोन वाजला. उचलला तो मीच. आक्का कुठल्या तरी दुकानातल्या एक रुपयाच्या डब्यावरून बोलत होती, मागं पावसाचा आवाज. ती म्हणाली, "सुरे, आबास्नी सांग, औंदा लवकर या. मला तिसरा म्हैना लागलाय. दुखतंय, थोडं अंगावरनं पण जातंय. डॉक्टर म्हणतोय झोपून ऱ्हा, पन हितं भाताची लावणी चाललीय, झोपू कोण देतंय." मी म्हटलं, "गाडी गॅरेजला हाय गं." ती म्हणाली, "मला ठावं हाय. गाडी नसली तर नसू दे. एस.टी.नं या म्हणावं. कोणपण या, पन या." मग रुपया संपला.

मी हे जसंच्या तसं आबांना सांगितलं, आईच्या देखत. आई लगेच उठली आणि ट्रंकेतली शिदोरीची फडकी काढायला लागली. आबांनी तिला हातानं थांबवलं. मग म्हणाले, "दस्तगीर म्हणतोय चार दिवसात हुईल. एवढी वाट बघितली, चार दिवस आनि."

"चार दिवस त्याचं कवाच संपत न्हाईत," आई म्हणाली. "आवं, उद्या पयली एस.टी. धरा. न्हाईतर धाकल्या भावजींना धाडा."

"काय तोंड घेऊन जाऊ? भर बैठकीत शब्द दिलाय. एस.टी.नं गेलो तर तिची सासू जन्मभर पोरीला बोलून दाखवंल. गाडीवाल्याची लेक, गाडीवाल्याची लेक म्हणून टोचून खाईल. ते तुला चालंल?"

मी म्हटलं, "मग मी जाते. कराडला बदलायची, पुढं कोयनेची धरायची. मला ठावं हाय रस्ता."

"पोरगी कुठं मुराळी आसती व्हय?" आबा म्हणाले. "तिची सासू तुझ्याबरोबर धाडायची न्हाई तिला. उलट हसं हुईल." आणि हे खरंही होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी त्यांना म्हटलं की तुम्हाला आक्कापेक्षा गाडी मोठी झालीय. त्यांनी हात उगारला नाही, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "गाडी न्हाई गं, शब्द." मी आजवर त्या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. त्यांचं आक्कावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. लेकीचा मान तो आपलाच मान असं ते धरून चालले होते, आणि तो मान गाडीत आहे असं त्यांना वाटत होतं. लेकीला काय पाहिजे ते तिनं रुपया टाकून स्वच्छ सांगितलं होतं, ते त्यांना ऐकूच आलं नाही.

पंचमी आली. चिंचेला झोका बांधला, गावातल्या सगळ्या लेकी आल्या होत्या. आईनं दिंडं केली पण स्वतः खाल्ली नाहीत. बायका विचारत होत्या, "शालन न्हाई व्हय आली औंदा?" आई सांगायची, "येईल की, गाडी झाली की येईल." आबा त्या सणाच्या दिवशीही कुपवाडला गेले होते. मिस्त्रीनं दुकान बंद ठेवलं होतं, तरी ते बंद शटरपुढं बसून परत आले.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारची वेळ, भुरभुर पाऊस. मी सोप्यात शेंगा फोडत होते. फाट्याकडून एक बाई चालत येताना दिसली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावर ओला पदर. मी परत खाली बघून शेंगा फोडायला लागले. आई मात्र आतून एकदम बाहेर आली, तिनं चालण्यावरून ओळखलं. "माझी शालन," ती म्हणाली आणि भाकरतुकडा घ्यायला आत पळाली. आक्का उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आईनं तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आक्काचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "आई, निजू दे मला."

सगळं कळलं ते चुलीपाशी, तुकड्यातुकड्यानं. ती रोज पाण्याचं निमित्त काढून रस्त्यापर्यंत येऊन उभी राहायची. मोठ्या गाडीचा आवाज आला की तिला वाटायचं आलेच. पंचमीच्या आदल्या दिवशीपर्यंत तिनं वाट बघितली. सणाला मुराळी आला नाही म्हणजे माहेरच्यांना गरज नाही, असं घरात बोलून झालं आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला परत खाचरात उतरवलं. तिथंच, चिखलात वाकलेली असताना, मूल गेलं. पाटणच्या दवाखान्यात दोन रात्री काढून ती सासरी आली, आणि अंगात उभं राहण्याइतका जीव आल्याबरोबर पिशवी भरून निघाली. सासूला म्हणाली, "मी जाते." सासूनं विचारलं, "कुणाबरोबर?" ती चालायला लागली. हे सांगताना ती रडली नाही. आई रडत होती.

दिवेलागणीला लांबूनच हॉर्न ऐकू आला. आबा रणगाडा घेऊन आले होते. गाडी पुसून लख्ख केलेली, इंजिनचा आवाज नव्यासारखा. दारात उभी करून, इंजिन चालूच ठेवून ते ओरडले, "ए, कोण हाय का? ऑन रोड आली. उद्या तांबडं फुटायला निघतो, सांजपातूर शालन घरात."

आक्का उठून भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेली. "आबा, मी आली हाय."

आबांनी आधी तिच्या मागं बघितलं, मग रस्त्याकडं. "कुणासंगं आलीस?"

"एकटीच."

"कशानं?"

"एस.टी.नं."

आबांनी आत हात घालून इंजिन बंद केलं. "बरी हाईस न्हवं?"

"न्हाई," आक्का म्हणाली आणि आत जाऊन परत पडली.

त्यांना बाकीचं आईनं सांगितलं, गोठ्यापाशी नेऊन. मी पाण्याची घागर घेऊन जवळच होते. आई आवाज न चढवता बोलली. शेवटी ती म्हणाली, "तुमच्या शब्दाला काय झालं न्हाई. तेवढा जपला तुमी." आयुष्यभर ती नवऱ्याला इतकं कडू कधी बोलली नव्हती, आणि पुढंही कधी बोलली नाही. आबा जेवले नाहीत. गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसून राहिले.

आक्का गौरी-गणपती होईपर्यंत राहिली. ती आबांशी तुटक वागली असं नाही. चहा द्यायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. आबाच तिच्यासमोर यायचं टाळायचे. मग दाजींचा फोन आला, त्यांनी आमच्या आईला समजावलं, स्वतःच्या आईला समजावलं, आणि आक्का जायला निघाली. आबांनी त्या पहाटे गाडी धुतली, मागच्या बाकड्यावर गोधडी घडी करून घातली. आक्का तयार होऊन बाहेर आली, गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "मी एस.टी.नं जाते. सुरी येईल सोबत." आबा म्हणाले, "मग मी बी एस.टी.नं येतो." ती म्हणाली, "नको."

आम्ही दोघी फाट्यावर एस.टी.त बसलो. थोडं पुढं गेल्यावर मी मागच्या काचेतून बघितलं तर रणगाडा मागं होता. रिकामा, एकटे आबा चालवत. एस.टी. थांबली की ते थांबायचे, माणसं चढेपर्यंत वाट बघायचे आणि परत मागं यायचे. मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला, "ही गाडी काय एस.टी.च्या मागं लागलीया, फुडं तरी जाईना." चार माणसं हसली. मी आक्काला म्हटलं, "आबा मागं हायत." ती म्हणाली, "ठावं हाय," आणि मागं वळून बघितलं नाही. कराड स्टँडवर आम्ही गाडी बदलताना आबा फाटकाबाहेर उभे होते. मला खुणेनं बोलावून त्यांनी केळी दिली, म्हणाले, "तिला दे. काय खाल्लं नसंल." आक्कानं एक केळं अर्धं खाल्लं, अर्धं मला दिलं. पुढं पाटण, मग वळणावळणाचा रस्ता, खाली नदी. रणगाडा तसाच मागं.

आक्काच्या गावाच्या फाट्यावर आम्ही उतरलो. आबांनीही गाडी बाजूला घेतली आणि टोपी हातात घेऊन खाली उतरले. फौजेतला ताठ माणूस, पण त्या दिवशी एकदम म्हातारा दिसला. आक्का म्हणाली, "आबा, हितनंच वळवा. दारात गाडी आणू नका."

"न्हाई आणत. पिशवी घेऊन चालत येऊ?"

"नको. हलकी हाय."

आबांनी हातातली टोपी परत डोक्यावर घातली. मग विचारलं, "दिवाळीला न्यायला येऊ? एस.टी.नं येतो."

"कळवीन," आक्का म्हणाली. तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि खाचरांच्या बांधानं निघून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर आम्ही दोघं गाडीत बसून परत आलो. 

आक्का त्यानंतर माहेरी पुष्कळ वेळा आली. पुढं तिला दोन मुलं झाली, ती मुलं घेऊन आली, आईच्या आजारपणात महिना महिना राहिली. आबांशी बोलायची, त्यांचे पाय दाबायची, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सगळ्यात जास्त तिनंच केलं. फक्त येते म्हणून तिनं कधी आधी सांगितलं नाही. आबा दर दिवाळीच्या, दर पंचमीच्या आधी आठ दिवस फोनजवळ बसायचे, कपडे धुऊन ठेवायचे, आईला शिदोरी करायला लावायचे. फोन यायचा नाही. मग एखाद्या दुपारी आक्का फाट्यावरून एकटी चालत यायची, आणि आबा न्यायला जायच्या तयारीनं पायात चपला घालून बसलेले असायचे, त्या काढून ठेवायचे. मुराळी म्हणून त्यांना परत एकदाही जाता आलं नाही.